पोराच्या गालातले मऊ दाणे

समजा, शिमग्याचे दिवस आहेत. पोलादपूरकडच्या कापडे गावातल्या एका घरात मुंबईहून मुलगा-सून आली आहेत, पालखी अजून वाडीत यायची आहे, आणि आठ वर्षांची नात आरशासमोर ओठ उलटा करून बघत बसली आहे. आजी विचारते, काय गो बघतेस? पोर म्हणते, आत काहीतरी आलंय. लगेच मोबाइलचा टॉर्च लागतो. खालच्या ओठाच्या आत आणि दोन्ही गालांत दहा-पंधरा मऊ उंचवटे दिसतात. काही साबुदाण्याएवढे, एक-दोन चवळीएवढे. रंग बाकीच्या ओठासारखाच. दुखत नाहीत, रक्त नाही, पोरीने दुपारीच भाकरीबरोबर कैरीचं लोणचं चाटूनपुसून खाल्लेलं असतं. मग जो तो टॉर्च हातात घेऊन आपलं मत देतो. एकाला उष्णता वाटते, दुसऱ्याला मांस वाढलेलं दिसतं, आणि तिसरा हळूच 'गाठ' हा शब्द काढतो. तो शब्द घरात आला की पालखीतलं लक्ष उडतं.

त्या संध्याकाळी काय करावं, हे सांगायला हा लेख आहे. आधी एवढं ध्यानात घ्या: मुलाच्या तोंडात आलेल्या अशा मऊ, न दुखणाऱ्या, बऱ्याच दाण्यांचा संबंध कॅन्सरशी असण्याची शक्यता फार फार कमी. रातोरात गाडी करून मुंबई गाठायचं कारण नाही. पण 'आपोआप जाईल' म्हणून न दाखवता सोडायचंही नाही. आठवडाभरात दंतवैद्याला दाखवलं तरी चालतं.

तोवर घरी एक साधी गोष्ट करता येते. सकाळच्या उजेडात ओटीवर बसा, साबणाने हात धुवा, पोराचा ओठ अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच ताणा. ओठ ताणला की जे दाणे सपाट होतात, जवळजवळ दिसेनासे होतात आणि ओठ सोडला की पुन्हा वर येतात, ते बहुतेक वरच्या अस्तराच्याच जाडीतले असतात, खोल रुजलेले नसतात. दाण्यावर बोट फिरवा. मऊ लागतो की खरखरीत, बुडाशी रुंद आहे की देठावर लोंबतो, एकच आहे की घोळका आहे, हे नीट बघा. ओठ ताणून एक आणि सोडून एक असे दोन फोटो काढा आणि तारखेसह जपून ठेवा. महिन्याभराने हेच फोटो डॉक्टरला तुमच्या सांगण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात. घरी एवढंच करायचं. दाबणं, नखाने खरवडणं, टाचणी लावणं यातलं काहीही नको.

ओठ ताणल्यावर विरणाऱ्या या घोळक्याला एक नाव आहे: हेकचा आजार. १९६५ मध्ये आर्चर्ड, हेक आणि स्टॅनली या तिघांनी त्याचं वर्णन लिहिलं. हेकने तो अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत एका नावाहो मुलाच्या तोंडात पाहिला होता, म्हणून नाव त्याचं चिकटलं. पुढे अमेरिका खंडातल्या इतर मूळ रहिवाशांत आणि ग्रीनलंडच्या इनुइट लोकांत तो बराच आढळला. भारतात तो तुरळक. त्यामुळे पोलादपूर-महाडकडच्या एखाद्या डॉक्टरने तो उभ्या कारकिर्दीत पाहिलेला नसेल, तर त्यात त्याला नावं ठेवण्यासारखं काही नाही. त्याने 'मला नक्की सांगता येत नाही, पुढे दाखवा' म्हटलं, तर तो चांगला डॉक्टर समजावा.

आजार होतो तो विषाणूमुळे. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही. हे नाव ऐकून पुष्कळ आया घाबरतात, कारण गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या संदर्भात त्यांनी ते ऐकलेलं असतं. पण एचपीव्ही म्हणजे एक विषाणू नव्हे, तो मोठा भाऊबंदकीचा बारदाना आहे. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत आणि आडनाव एक म्हणून सगळे सारखे नसतात. कॅन्सर करणाऱ्यांत १६ आणि १८ नंबरचे प्रकार मुख्य. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरशी या विषाणूचं नातं दाखवल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाला २००८ चं नोबेल मिळालं. हातावरची साधी चामखीळ करणारे प्रकार वेगळे, त्यांत २ आणि ४ येतात. आणि हेकचे दाणे करणारे १३ आणि ३२. हे दोघे निरुपद्रवी गटातले. तोंडाचं आतलं अस्तर एवढंच त्यांचं राज्य. रक्तातून ते कुठे जात नाहीत, यकृत-फुप्फुसाला हात लावत नाहीत.

दात लागून, ब्रश घासून गालाच्या आत बारीक ओरखडे पडतच असतात. त्यातून विषाणू अस्तराच्या तळच्या पेशींत शिरतो आणि त्यांना वाढायला लावतो. पेशी वाढल्या की अस्तर तेवढ्या जागी जाड होतं, आणि तोच आपल्याला दिसणारा दाणा. शरीराला या पाहुण्याची ओळख पटायला वेळ लागतो, कधी काही महिने, कधी काही वर्षं. ओळख पटली की दाणे विरू लागतात आणि बहुधा डाग न ठेवता जातात. काही घराण्यांत जन्मजात ठेवणच अशी असते की ही ओळख उशिरा पटते. त्यामुळे एकाच घरातली दोन-तीन भावंडं एकदम सापडतात. त्यात एका ताटात जेवणं आणि एकाच पेल्यातून पिणं यांचाही हात असतोच.

आता दुसरी बाजू. हेकचा आजार आपल्याकडे दुर्मीळ असल्यामुळे, तुमच्या पोराच्या तोंडात जे दिसतंय ते दुसरंच काही असण्याचा संभव जास्त. सगळ्यांत जास्त दिसतो तो लाळेचा फोड. खालच्या ओठाच्या आत एकच, निळसर, पाण्याने भरल्यासारखा टपोरा फुगा. खेळताना ओठ दाताखाली येतो, लाळेची बारीक नळी तुटते आणि लाळ आतच साचते. फुटतो, बसतो, पुन्हा येतो. धंद्याला सुरुवात केली तेव्हा अशाच एका फोडाला मी पाच दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. सहाव्या दिवशी पोराची आजी दारात उभी. 'डॉक्टर, गोळ्या संपल्या, फोड आहे तिथंच आहे,' एवढंच म्हणाली. त्या बाईचं बरोबर होतं. या फोडाला जंतू लागलेला नसतो, गोळ्या कुणासाठी दिल्या ते माझं मलाच सांगता येईना. हेकच्या दाण्यांचंही तसंच, अँटिबायोटिक त्यांच्या वाटेला जात नाही. कुणी लिहून दिलं तर कशासाठी, हे विचारायला लाजू नका.

नखं खाणाऱ्या मुलांच्या बोटावरची चामखीळ ओठावर उतरते. ती खरखरीत आणि पांढुरकी असते, आणि बोट बघितलं की उलगडा होतो. फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा एकच कोंब देठावर उभा असेल तर तो पॅपिलोमा. तोही विषाणूचा, तोही साधा, आणि तो छोट्या शस्त्रक्रियेने काढून टाकतात. 'तोंड आलंय' म्हणतो ते व्रण खोलगट आणि झोंबणारे असतात, मीठ-तिखट लागलं की पोर उड्या मारतं. त्यांचा आणि न दुखणाऱ्या दाण्यांचा घोळ करू नये. गालात बारीक पिवळसर रवाळ ठिपके दिसले तर त्या जागच्या तेलग्रंथी, तो आजारच नव्हे. आणखी एक गंमत सांगतो. मोबाइलला टॉर्च आल्यापासून माणसं स्वतःची जीभ पार मुळापर्यंत बघू लागली आहेत. जिभेच्या मुळाशी उलट्या व्हीच्या आकारात आठ ते बारा मोठे दाणे प्रत्येकालाच असतात, चव कळण्यासाठी. वयाच्या पन्नाशीला ते पहिल्यांदा दिसलेला गृहस्थ तोंड पांढरंफटक करून येतो. मी त्याला त्याच्या बायकोची जीभ दाखवायला सांगतो. तिथेही तेच दाणे.

मग दाण्यांवर करायचं काय? बहुतेक वेळा काहीच नाही. दर तीन-चार महिन्यांनी दाखवायचं आणि फोटो जुळवून बघायचे. एखादा दाणा सारखा दाताखाली येत असेल, रक्ताळत असेल किंवा ओठाबाहेर दिसून शाळेत पोरं चिडवत असतील, तर तेवढा काढता येतो. जागा बधिर करून कापून, अतिशीत उपचाराने गोठवून किंवा लेझरने. काढलेला पुन्हा येऊ शकतो, कारण विषाणू शेजारच्या अस्तरातही असतो. म्हणून पंधराच्या पंधरा दाणे एका बैठकीत काढून पॅकेज सांगणाऱ्याला हात जोडावेत आणि दुसरं मत घ्यावं.

घरगुती उपायांबद्दल मात्र मी मुळीच मऊ बोलणार नाही. चामखिळीवर बिब्बा लावायची, चुना-सोडा चोळायची, निवडुंगाचा चीक टाकायची जुनी चाल आपल्याकडे आहे. हाताच्या जाड कातडीलासुद्धा बिब्ब्याने फोड येतात. तोंडाचं अस्तर त्यापुढे ओल्या कागदासारखं. भाजलं की पोर चार-चार दिवस पाणी गिळत नाही, आणि तो व्रण भरताना आखडून ओठ ओढला जाऊ शकतो. मेडिकलमध्ये मिळणारं चामखिळीचं औषधही याच पंगतीतलं. सॅलिसिलिक अ‍ॅसिड असलेलं ते औषध बाहेरच्या कातडीसाठी असतं, तोंडात घालायचं नसतं. दोरा बांधून किंवा ब्लेडने कापणं तर नकोच.

शंका उरली तर डॉक्टर तुकडा काढून तपासायला पाठवतो. याला बायॉप्सी म्हणतात. 'तुकडा काढला की पसरतं' ही समजूत महाडपासून मुंबईपर्यंत सगळीकडे आहे, आणि ती खोटी आहे. बधिर करायची एक सुई, तांदळाच्या दोन दाण्यांएवढा तुकडा, एक-दोन टाके. तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातो आणि काही दिवसांत कागद येतो. खरी भीती त्या कागदापासून सुरू होते, कारण तो इंग्रजीत असतो आणि मुंबईच्या भाच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर जातो.

त्यातले दोन शब्द ओळखून ठेवा. हेकच्या दाण्यांचं शास्त्रीय नाव फोकल एपिथेलियल हायपरप्लासिया. हायपरप्लासिया म्हणजे पेशी संख्येने वाढल्या, पण शिस्तीत आहेत. दुसरा शब्द डिसप्लासिया. म्हणजे पेशींची ठेवण बिघडली, शिस्त मोडली. कानाला दोन्ही सारखे, पण पहिल्यावर स्वस्थ बसायचं आणि दुसऱ्यावर बसायचं नाही. कागदावर 'मायटोसॉइड' किंवा 'कोइलोसाइट' असं दिसलं तर घाबरू नका, विषाणूने बदललेल्या पेशींची ती नावं आहेत. आणि 'नो एव्हिडन्स ऑफ मॅलिग्नन्सी' या ओळीतला शेवटचा शब्द वाचून रडारड होते, ती पहिला शब्द वाचायचा राहिल्यामुळे. कॅन्सरचा पुरावा नाही, असं तिथे लिहिलेलं असतं.

पोराला वेगळं ताट, वेगळं अंथरूण द्यायचं का? शाळा बंद करायची का? नाही. विषाणू लाळेतून पसरतो, एवढ्यापुरती काळजी पुरे, आणि आपल्याकडे ती शिकवायलाही नको. उष्टं न खाणं, तांब्या वरून पिणं, पेरू शर्टाच्या टोकात धरून चिमणीच्या दातांनी फोडून मैत्रिणीला देणं, हे सगळं आपल्यात होतंच. चिमणीच्या दातांनी लाळ अडते की नाही याचा हिशेब मी लावत नाही, पण अर्धी पेप्सीकांडी एकाने चोखून दुसऱ्याला द्यायची, त्यापेक्षा ते बरं. प्रत्येकाचा ब्रश वेगळा असावा आणि सगळे ब्रश एकाच भांड्यात डोक्याला डोकं टेकवून ठेवू नयेत. तान्ह्याला घास स्वतः चावून भरवायची सवय घरात असेल तर ती सोडावी. पंगतीतून मात्र पोराला उठवू नका. ज्या महाडात १९२७ साली तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी माणसांना सत्याग्रह करावा लागला, त्या मुलखात कुणाला पेला वेगळा ठेवताना दहा वेळा विचार झाला पाहिजे.

एक नाजूक मुद्दा. हेकचे दाणे करणारा विषाणू लैंगिक संबंधातून येणारा नाही, लहान मुलांत तो घरातल्या लाळेतूनच येतो. पण एचपीव्हीचे ६ आणि ११ हे प्रकार गुप्तांगावर कोंब आणतात आणि क्वचित तोंडातही. पोराच्या तोंडात आणि खालीही कोंब दिसत असतील, तर डॉक्टर काही प्रश्न विचारील, पोराशी एकटंही बोलू पाहील. राग मानू नका, ते त्याचं कामच आहे. मोठ्या माणसाच्या तोंडात असे अनेक दाणे अचानक उगवले तर एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी. ती सरकारी दवाखान्यात फुकट होते आणि निकाल गुप्त राहतो. प्रतिकारशक्ती उतरली की हे विषाणू डोकं वर काढतात.

लसीबद्दल हमखास विचारतात. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर आहे. १३ आणि ३२ तिच्यात नाहीत, त्यामुळे हेकच्या दाण्यांवर ती उपाय नव्हे. मुलींना ती द्यावीच, पण त्याचं कारण वेगळं.

दाखवायचं कुठे? कापड्याच्या माणसाला पितळवाडीचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा पोलादपूरचं ग्रामीण रुग्णालय जवळचं. दंतवैद्य कोणत्या वारी बसतो हे आशाताईला आधी विचारून निघा, म्हणजे एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी फुकट जाणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हा २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं. त्या दिवशी पोराला शाळेत पाठवा आणि वहीत दोन ओळींची चिठ्ठी द्या की ओठाच्या आत बघावं. साठ पोरांच्या रांगेत ओठ उलटून बघायला कुणाला सुचेलच असं नाही. पुढे जायची वेळ आली तर दंत महाविद्यालयातला 'ओरल मेडिसिन' किंवा 'ओरल पॅथॉलॉजी' विभाग विचारा. महामार्गाने मुंबईकडे जाताना कामोठे, खारघर, नेरूळ इथे अशी महाविद्यालयं लागतात. मुंबईत सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे आणि मुंबई सेंट्रलला नायरचं.

आता त्या टॉर्चकडे परत येतो. शिमग्याच्या त्या संध्याकाळी तो सगळ्यांनी नातीच्या तोंडात मारला. त्याच ओटीवर बसलेली आजी पन्नास वर्षं मशेरी लावते, तव्यावर तंबाखू जाळून केलेली. बाप खिशात पुडी बाळगतो. २०१२ पासून महाराष्ट्रात गुटख्याला बंदी आहे, आणि तरी पुडी कुठे मिळते हे मी सांगायला नको. त्या दोघांच्या तोंडात कुणी डोकावलं नाही, कारण तिथे 'काही दुखत नाही'. पोरीच्या दाण्यांना मी आठवड्याची मुदत दिली. खाली लिहितो त्यातलं काही असेल, तर मोठ्यांना तेवढीही देऊ नये. पुसून न निघणारा पांढरा किंवा मखमली लाल चट्टा. दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, मग तो न दुखणारा असला तरी. बोटाला टणक लागणारी कड. दाताचं कारण नसताना हललेला दात. मानेत आलेली गाठ. आणि बापाने आत्ताच्या आत्ता करून बघावं असं: स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालायची. दोनच जात असतील आणि तिखट नको-नको वाटत असेल, तर सुपारीने अस्तर आखडायला लागलं आहे. त्यातून कॅन्सर होऊ शकतो, आणि आखडलेलं तोंड पुन्हा पूर्ववत उघडत नाही.

पोलादपूरला जायच्या दिवशी मोबाइलमध्ये पोरीचे तारखेचे फोटो असू द्या, जुने कागद आणि रेशनकार्ड पिशवीत घ्या. पोरीने नेहमीसारखं जेवून निघावं, उपाशी ठेवायचं कारण नाही. आणि आजीलाही बरोबर न्या. फक्त तिला सांगा, त्या दिवशी सकाळी मशेरी लावू नकोस, नुसत्या पाण्याने चूळ भर. काळ्या थराखाली पांढरा चट्टा दिसत नाही.